पांढरी चिंधी

पांढरी चिंधी बांधलेलं झाड दुसऱ्या दिवसाचं ऊन पाहत नाही.

शुभांगीच्या भेंडीत तसाच नियम आहे. सकाळी ती सरीसरीनं फिरते, पानं उलटून पाहते. ज्या झाडाच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या, म्हणजे केवडा लागला, त्याला पांढरी चिंधी. सासऱ्याच्या जुन्या धोतराची. संध्याकाळी तिची सासू गोजराबाई येते आणि चिंधी बांधलेली झाडं मुळासकट उपटून धुऱ्यापलीकडे, बांधाबाहेर जाळते. गोजराबाईला आता पिवळं-हिरवं ओळखू येत नाही, म्हणून ही सोय. तिला पांढरं तेवढं दिसतं. पांढरं दिसलं की ती हात घालते, विचारत बसत नाही.

लाल चिंधी वेगळी. ती बिजवाईची. ज्या झाडाच्या शेंगा तोडायच्या नाहीत, पुढच्या साली पेरायला झाडावरच वाळू द्यायच्या, त्याला लाल.

त्या गुरुवारी चार वस्त्यांची पोरं शाळेतून एकत्र आली. पाणंदीतून, नेहमीसारखी, दप्तरं डोक्यावर. सगळ्यांच्या मनगटाला लाल फीत.

समीक्षाच्या मनगटाला पांढरी.

गोजराबाई धुऱ्यावर बसली होती. तिनं नातीचा हात धरला, डोळ्याजवळ नेला.

"हे कोनं बांधलं वं पोरीले? हे तं उपटायचं असते."

आणि हसली. शुभांगी हसली नाही.

*

— कोनं बांधली?

— शूटिंगवाल्या दादानं.

— कायचं शूटिंग?

— शिनिमाचं. शाळेत आलते ते.

— मंग साऱ्याईले लाल, तुलेच पांढरी काहून?

— मले नाई मालूम.

— तू इचारलं नाई?

— नाई.

— काय केलं त्याईनं?

— एकेकाले खोलीत बलावलं. बोलले.

— सर होते खोलीत?

— नाई.

— दार?

— लावलं होतं.

— तुले काय इचारलं?

— काई नाई.

— काई नाई इचाराले दार लावा लागते?

समीक्षानं चष्मा काढला, फ्रॉकच्या घेराला पुसला, परत घातला.

— आई, भूक लागली.

*

चष्म्याला नंबर नाही.

हे तिघांनाच माहीत आहे. शुभांगीला, समीक्षाला आणि वाशीमच्या चष्मेवाल्याला. त्यानं पोरीचे डोळे तपासले होते, नीट आहेत म्हणाला होता. शुभांगी म्हणाली, साध्या काचेचा द्या, धुळीसाठी. तो तिच्याकडे जरा वेळ बघत राहिला आणि मग काच कापायला बसला.

समीक्षाला वाचता येत नाही. सुटं अक्षर ओळखते. अक्षरं शेजारी शेजारी आली की एकमेकांच्या अंगावर चढतात, असं ती सांगते. सांगायची. पहिलीत सांगायची. शुभांगीनं तिला सांगू नको म्हटलं, तेव्हापासून सांगत नाही. सरांनी धडा एकदा वाचला की तिच्या ध्यानात बसतो. फळ्यावरचं ती चित्रासारखं उतरवते. कुणी अचानक "वाच बरं" म्हटलं, तर चष्मा काढून डोळे चोळायचे. मग बाकीचे आपणच म्हणतात, राहू दे, डोळे कमजोर आहेत पोरीचे.

डोळे कमजोर असले तर काही बिघडत नाही.

शुभांगीच्या माहेरी चुलत बहीण होती, भागिरथा. तिला अक्षर आलं नाही. आधी लोक तिला भागी म्हणायचे, मग येडी भागी, मग नुसतं "थे", म्हणजे ते. थे आलं का. थेले वाढलं का. भागिरथा रांगोळी काढायची, गाई राखायची, गाणी म्हणायची, सगळं करायची. शेवटी शेवटी कुणी "भागिरथा" अशी हाक मारली तर ती मागं वळूनही पाहत नसे.

म्हणून चष्मा.

आणि आता पांढरी फीत. म्हणजे कुणीतरी सांगितलं. कुणी?

*

दारामागं. असं झालं असेल.

दौलतसिंग सर दाराशी उभे. सिनेमावाला विचारतो, सर, तुमच्या वर्गात असं एखादं मूल आहे का, ज्याला... सर तोंडानं काही बोलत नाहीत. नुसती मान वळवतात, समीक्षाच्या ओळीकडे.

*

शुभांगी दर आठवड्याला सरांकडे भेंडी पोचवायची. तशीच ती शुक्रवारी पिशवी घेऊन शाळेत गेली. सर चौथीचे वर्गशिक्षक. तांड्यावरचे, मोजकं बोलणारे. वऱ्हाडी ऐकायचे, उत्तर पुस्तकातल्या मराठीत द्यायचे.

"सर, हा शिनिमा कायचा हाय?"

"एका मुलीचा आहे. तिला वाचता येत नाही."

"कोन्या मुलीचा?"

"कोणत्याच नाही. गोष्ट आहे ती."

"मंग माह्या पोरीले पांढरी काहून?"

"पांढरी म्हणजे मुख्य काम. लाल म्हणजे वर्गातली बाकीची मुलं. चेहरा आवडला त्यांना."

"चेहरा पाह्याले दार लावा लागते?"

सर हसले. पिशवी घेतली नाही, नाकारलीही नाही. ती व्हरांड्यातल्या टेबलावर दोघांच्या मध्ये राहिली.

"सर, तुमी त्याईले काई सांगतलं का?"

"काय सांगायचं होतं?"

आता ती काय बोलणार? सांगायचं होतं ते बोलली तर सांगून झालंच. आणि सर तिच्याकडे असे बघत होते, की त्यांना माहीत असावं. किंवा माहीत नसावं आणि आत्ताच संशय आला असावा.

"काई नाई," ती म्हणाली. "भेंडी कवळी हाय. आजच करजा."

परत येताना ती स्वतःला समजावत होती. मुख्य काम. चांगलंच आहे की. वस्तीत पोचली तेव्हा सासू धुऱ्यापलीकडे जाळ करत होती. साऱ्या वावरातून निवडून निवडून आणलेली झाडं. निवडलं म्हणजे वाचलं, असं थोडंच असतं.

*

दारामागं. नाहीतर असं.

जाऊ. योगिनी. वाशीमहून येते, सिनेमावाल्यांना चहा देते. "समीक्षा का? आमचीच पुतनी हाय. बिचारी." फक्त बिचारी. पुढचं ते आपोआप विचारतात.

*

योगिनी मोठी जाऊ, बारावी झालेली. वाशीमला राहते, तिचा गोलू इंग्रजी शाळेत. दोन वर्षांमागं गोलूच्या वाढदिवसाला तिनं समीक्षाला केकपाशी उभं केलं होतं. वाच बरं बेटा, काय लिहिलं? समीक्षानं केककडे पाहिलं, मग गोलूकडे, आणि म्हणाली, "गोलू." केकवर गोलूचं नाव नव्हतं. सगळे हसले, समीक्षाही हसली. योगिनी मात्र हसली नव्हती. शुभांगीनं ते पाहिलं होतं. पुढच्याच सोमवारी चष्मा घेतला.

रविवारी योगिनी आली. भाजी न्यायला आली म्हणे.

"आयकलं मी. समू हिरोईन झाली."

"कोनाजोळून आयकलं, जाऊबाई?"

"आयकते मानूस. अनसिंगभर झालं." वांगी दाबून पाहत ती बोलत होती. "आमचा गोलू कविता म्हन्ते, डान्स करते, इंग्लिश फाडफाड बोलते. त्याले नाई कोनी बलावत. चांगलं हाय बाई. पन मले एक समजून नाई राह्यलं, एवढ्या पोराईतून समूच काहून?"

"चेहरा आवडला म्हन्तेत."

"चेहरा." योगिनीनं एक वांगं परत ठेवलं. "चष्म्याचा नंबर वाढला का गं तिचा?"

"तेवढाच हाय."

"तेवढाच," योगिनी म्हणाली. "बरं हाय मंग."

ती गेल्यावर शुभांगीनं तिनं परत ठेवलेलं वांगं उचलून पाहिलं. चांगलं होतं. कुठंही किडलेलं नव्हतं.

*

दारामागं. किंवा.

गोपाल. नवरा. अनसिंगच्या स्टँडवर, चहाच्या टपरीवर. दार नाहीच. उघड्यावर. "घ्या की आमच्या पोरीले. तसंही तिले—"

*

"तुमी हो म्हनून टाकलं?"

"आवं, शिनिमात घेऊन राह्यले. जेलात नाई."

"मले इचारलं?"

"आता इचारून राह्यलो नं."

"अन् काय सांगतलं तुमी त्याईले समूबद्दल?"

गोपाल जेवत होता. घास हातात थांबला.

"मी कायले सांगू? अन् काय हाय सांगासारखं? येईन हळूहळू. मले बी उशिरा आलं."

गोपालला इतकंच माहीत होतं, किंवा इतकंच माहीत असावं असं त्यानं ठरवलं होतं. शुभांगीला यातलं नेमकं कुठलं, ते लग्नापासून कळलेलं नव्हतं.

मंगळवारी सिनेमावाला घरी आला. हर्षल त्याचं नाव. तिशीही नसेल. दाढी, पाठीवर पिशवी, पायात चप्पल. खाटेवर न बसता तो ओट्यावर बसला.

"मी इथलाच आहे, ताई. कामरगावचा."

"कामरगावचे अन् असं बोलता?"

"पुण्यात राहून राह्यलो नं," तो म्हणाला, आणि गोजराबाई खुदकन हसली. शुभांगीच्या मनात आलं, हा बोली बदलतो. हवी तेव्हा काढतो, हवी तेव्हा ठेवून देतो.

त्यानं एक कागद दिला. त्यावर छोटा धडा होता, त्यानंच लिहिलेला. गल्लीतल्या सायकल दुरुस्तीच्या दुकानाचा.

"सिनेमातली मुलगी वर्गात उभी राहते आणि हा वाचायला लागते. मध्येच अडकते. पोरं हसतात. तुम्हाला आधीच कळावं म्हणून देतोय. समीक्षाकडून पाठ करून घेऊ नका. मला ते जसं येईल तसं पाहिजे."

"जसं येईन तसं म्हंजे?"

"म्हणजे... अडखळत."

"अन् नाई अडखळली तं?"

हर्षल समीक्षाकडे बघून हसला. समीक्षा त्याच्याकडे बघून हसली. दोघांचं ते हसू एकच होतं. आधीच कुठंतरी ठरलेलं. शुभांगीनं कागदाची घडी घातली.

"चष्मा मात्र नको त्या दिवशी," तो जाता जाता म्हणाला. "काचेवर उजेड चमकतो."

*

उजेड?

काचेला नंबर नसतो तेव्हा उजेड जास्त चमकतो का? त्याला कसं कळलं? वाशीमच्या चष्मेवाल्याला हा ओळखतो का? सिनेमावाले इतक्या गावांतून इथल्याच शाळेत का आले? वर्गात अडखळणारी पोर लागते, तर नाटकातली, सराईत पोर का आणली नाही? पोरं हसतात म्हणाला, ती पोरं कोण? चार वस्त्यांची, हीच. ती सिनेमापुरतं हसून थांबतील का?

*

समीक्षा अडखळणार नाही, असं शुभांगीनं ठरवलं.

भेंडीत सकाळी कुणी नसतं. तिनं कागद ब्लाउजमध्ये ठेवला आणि पोरीला सरीच्या तोंडाशी उभं केलं. एका सरीला एक ओळ. सरी संपेपर्यंत तीच ओळ, मोठ्यानं. वळायचं. दुसरी सरी, दुसरी ओळ.

आमच्या गल्लीत सायकल दुरुस्तीचे दुकान आहे.

वळ.

दुकानाबाहेर पाण्याने भरलेली एक बादली असते.

वळ.

सायकलची ट्यूब त्या पाण्यात बुडवतात.

वळ. पाय सोडू नको. बोट कागदावर.

जिथून बुडबुडे येतात, तिथे भोक असते.

"आई, पन दादानं करून घेऊ नका म्हनलं."

"दादा जाईन पुन्याले. तुले इथंच राह्यचं हाय."

"मंग शिनिमा?"

"शिनिमात हुशार पोरगी दिसन. वाईट हाय का?"

समीक्षा चालू लागली. दोन दिवसांत धडा तिच्या पायात बसला. ओट्यावर उभं करून म्हणायला लावलं, तरी ओळ संपली की तिचा खांदा किंचित वळायचा, सरी संपल्यासारखा. ते दिसणार नाही कुणाला, शुभांगीला वाटलं. दिसलं तरी कळणार नाही.

चष्मा ती घालूनच जाणार होती. तेही ठरलं होतं.

*

टेक एक.

चौथीचा वर्ग. खिडक्यांना माणसं लटकलेली. गोजराबाईला स्टूल दिलेलं. योगिनी मुद्दाम वाशीमहून आलेली, गॉगल डोक्यावर. गोपाल मागं, बायांच्या पुढं यायला लाजत. शुभांगी दाराशी. जमिनीवर वायरी. दौलतसिंग सर फळ्यापाशी, सिनेमातही तेच सर.

"समीक्षा, जसं येईल तसं. घाई नाही."

समीक्षा उभी राहिली, चष्मा डोळ्यांवर. हर्षलनं तो पाहिला, पण आधी होऊ दे म्हणाला. तिनं कागद वर धरला.

*आमच्या गल्लीत सायकल दुरुस्तीचे दुकान आहे. दुकानाबाहेर पाण्याने भरलेली एक बादली असते.*

घड्याळासारखी. कुठं अडली नाही. बाकाखाली पाय जागच्या जागी चालत होते. शेवटचं "भोक असते" म्हणून ती थांबली तेव्हा खिडकीतून टाळ्या आल्या. गोजराबाई कुणाला तरी कोपर मारून म्हणाली, "नात हाय माही."

शुभांगीनं योगिनीकडे पाहिलं. योगिनीचा गॉगल आता डोळ्यांवर होता.

टेक दोन.

*आमच्या गल्लीत सायकल दुरुस्तीचे दुकान आहे.*

तसंच. श्वासही त्याच जागी.

टेक तीन नाही झाला.

हर्षलनं हातानंच कॅमेरा थांबवला. तो समीक्षाच्या बाकापाशी गुडघ्यावर बसला. हळू बोलला, पण वर्ग गप्प होता, खिडकीपर्यंत ऐकू आलं.

"समीक्षा, त्या दिवशी तू मला खोलीत जे सांगितलं होतं, ते खरं होतं का?"

समीक्षानं मान खाली घातली.

"तुला वाचता येत नाही म्हणालीस. अक्षरं अंगावर चढतात म्हणालीस. तसं सांगायला तुला कुणी शिकवलं का? मी रागावणार नाही. काम मिळावं म्हणून कुणी सांगितलं होतं का घरून?"

समीक्षानं आईकडे पाहिलं. चष्म्याच्या काचेवर उजेड चमकला, डोळे दिसले नाहीत.

"आता समजलं," खिडकीतून योगिनी म्हणाली. हळू, सगळ्यांना ऐकू जाईल इतकं हळू. "शिनिमात येयासाठी वाचता येत नाई म्हनाले लावलं. अन् मी उगाच तिले बिचारी समजो."

कुणीतरी हसलं. सिनेमातली पोरं नव्हे, मोठी माणसं.

हर्षल उठला. चिडला नव्हता, थकल्यासारखा होता. त्यानं समीक्षाच्या मनगटाची पांढरी फीत सोडली आणि बाकावर ठेवली. "असू दे. तू छान वाचतेस. मला खरंच न येणारी मुलगी हवी होती." मग सरांना म्हणाला, "सर, दुसऱ्या शाळेत बघावं लागेल."

सरांनी टेबलावरची पुस्तकं सरळ केली.

झालं. शुभांगीला जे हवं होतं ते झालं होतं. चार वस्त्यांनी कान देऊन ऐकलं होतं की गोपालची पोरगी खडाखडा वाचते. आता चष्माही नको. आता कुणी "थे" म्हणणार नाही.

फक्त खोटारडी म्हणतील.

*

नळाच्या कोपऱ्यात शुभांगीनं पोरीला गाठलं.

— तू सांगतलं त्याले? तूच?

— हो.

— सरांनी नाई? काकूनं नाई?

— नाई. मी.

— काहून?

समीक्षा नळाची तोटी फिरवत राहिली. पाणी नव्हतं.

— काहून सांगतलं, समू? आपलं काय ठरलं होतं?

— त्यानं इचारलं.

— सारेच इचारतेत.

— नाई. सारे वाच म्हन्तेत. त्यानं म्हनलं, वाचतानी तुले काय दिसते?

*

दारामागं. खरं.

रिकामी खोली. दोन खुर्च्या, समोरासमोर. दार लावलेलं, कारण बाहेर पोरं ओरडत होती. दादानं फळ्यावर एक शब्द लिहिला. वाच म्हणाला नाही. काय दिसतं, म्हणाला. समीक्षानं आधी डोळे चोळले. तो थांबला. तिनं चष्मा काढला, पुसला. तो थांबलाच. मग ती म्हणाली, हे अक्षर त्याच्या पाठीवर बसलं हाय. अन् हे पळून राह्यलं. तो म्हणाला, मलाही लहानपणी पळायची. अजून पळतात कधी कधी. समीक्षा हसली. तोही हसला.

बस.

त्या खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

*

शुभांगी नळापाशी उभी होती. वर्गातून वायरी गुंडाळल्याचा आवाज येत होता. सर नाही, जाऊ नाही, नवरा नाही. दहा दिवस ती ज्यांच्या तोंडाकडे बघत होती, त्यांतलं कुणीच नाही. आणि हर्षल? मलाही पळायची म्हणाला. खरंच पळत असतील? की पोरीकडून काढून घ्यायला तसं म्हणतात? बोली बदलणारा माणूस.

ते तिला आत्ता कळणार नव्हतं.

— तुले पाह्यजे का थे काम?

समीक्षानं तोटी सोडली.

— लोक हसतीन. शिनिमातले नाई, हे. आत्ता हसले तसे. रोज.

— आत्ता मले खोटी म्हनून हसले, समीक्षा म्हणाली. मी खोटं नाई बोलली.

मग तिनं चष्मा काढला. पुसला नाही. आईच्या हातात दिला.

— दुसरं पान दे आई. पाठ नसलेलं.

*

वर्गात शुभांगी कधी गेली नव्हती, दारापर्यंतच. वायरींवरून पाय उचलत ती आत गेली. हर्षल पिशवी बांधत होता.

"दादा, थांबा. त्या कागदावर जाऊ नका. थो मी पाठ करून घेतला, वावरात."

"ताई—"

"तुमी करू नका म्हनलं म्हनून केला. पोरगी खरी बोलली. आता पाठ नसलेलं पान वाचते."

खिडकीतली माणसं पुढं सरकली. योगिनीनं गॉगल काढला. शुभांगीनं तिकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पुढचं बोलता आलं नसतं.

"पन माही एक अट हाय. शिनिमा झाला की आधी मी पाहीन. माह्या घरी. पोरीसंग. मले नाई आवडलं तं थे पान काढा लागन."

"चालेल."

"चालेल म्हन्ता तुमी. साऱ्याईले म्हनत असान."

"लिहून देऊ का?"

"लेकराले सांगा. थे वाचत नाई, पन इसरत बी नाई."

हर्षलनं समीक्षाकडे वळून तिला सांगितलं. ती ऐकत होती, एकदा ऐकलेलं ध्यानात बसवते तशी.

पुस्तकासाठी शुभांगी सरांच्या टेबलाकडे वळली. सरांनी चौथीचं पुस्तक आधीच हातात धरलं होतं. उघडून. मधलं पान, अजून वर्गात न शिकवलेलं. एकदाही ऐकलेलं नसणार, असंच नेमकं.

"म्हंजे तुमाले—"

"घ्या," सर म्हणाले.

चार वर्षं भेंडी खाल्ली होती या माणसानं. एका शब्दानं विचारलं नव्हतं. चांगुलपणानं की आळसानं, हे तिनं नंतर ठरवायचं ठेवलं.

बाकावर पांढरी फीत पडली होती. तिनं ती उचलली. पोरीचं मनगट धरलं. दोन गाठी मारल्या, झाडाला मारते तशा, वाऱ्यानं सुटू नये अशा. मग स्टुलावरच्या सासूकडे बघून खिडकीतून म्हणाली,

"आत्याबाई, हे उपटायचं नाई."

"दिसते मले," गोजराबाई म्हणाली. "आंधळी नाई मी."

समीक्षानं पान डोळ्यांसमोर धरलं. बाकाखाली पाय स्थिर होते. चालायला सरी नव्हती. बऱ्याच वेळानं तिनं पहिलं अक्षर उचललं, सुटं, मग दुसरं. तिसरं पळालं असावं. ती थांबली, त्याच्या मागं गेली. खिडकीत कुणी हसलं, आणि ते हसू कुणाचं हे बघायला शुभांगीनं मान वळवली नाही.